शेपूट तुटलं तरी दिवे चालू

(दृश्य : रात्र. ओसरीत कापसाची गंजी. तिला पाठ टेकून लॅपटॉपसमोर बसलेले दोघं भाऊ.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन पंधरा दिवस झालेत. दिवसभर वेचणी करून हात ओरखडलेत, तरी जेवणं आटोपली की हे दोघं अवकाशयान बांधायला बसतात.

गेमचं नाव स्पेस इंजिनियर्स. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाऊसनं २०१३ मध्ये तो खेळणाऱ्यांच्या हाती दिला. यात एकेक ब्लॉक वेल्ड करत यान उभं करायचं. मोठ्या यानाचा ब्लॉक अडीच मीटरचा. मोठा रिअ‍ॅक्टर तसे तीन ब्लॉक लांब, तीन रुंद, तीन उंच, म्हणजे एखाद्या घराएवढा. त्यातून वीज निघते ३०० मेगावॉट. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. असे दहा रिअ‍ॅक्टर त्याला भारी पडतील. इंधन युरेनियम. आणि तारा ओढायची गरज नाही. यानाला जोडलेल्या प्रत्येक ब्लॉकपर्यंत वीज आपोआप पोचते.

जोडलेल्या. सगळं इथंच अडलं.

धाकट्यानं रिअ‍ॅक्टर शेपटाकडे ठेवला आणि भोवती हेवी आर्मरचे, म्हणजे जड चिलखताचे, थर चढवले. लाइट आर्मरचा एक ब्लॉक ५०० किलोचा, हेवीचा ३,३०० किलोचा. यान वळता वळेना. मोठ्या भावानं मारा केला, तर रिअ‍ॅक्टरला ओरखडाही आला नाही, पण अख्खं शेपूटच तुटलं. रिअ‍ॅक्टर धडधाकट, दूर तरंगत चाललेला. पुढचं यान तोफांसकट काळंठिक्कर. वादळात खांब पडला की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर शाबूत असूनही गाव अंधारात बसतं, तसं.

खाटेवरून आबाजी म्हणाले, "काऊन रे, सारा दाना एकाच कोठीत भरते का कोनी?"

नवं यान या प्रश्नावर उभं आहे. मोठा रिअ‍ॅक्टर आता पोटात, मधोमध. नाकाशी एक आणि शेपटाशी एक छोटा रिअ‍ॅक्टर. एकाच ब्लॉकचा, १५ मेगावॉटचा. जोडीला बॅटऱ्या. बाहेरून लाइट आर्मर, मग मोकळी जागा, आणि हेवी आर्मर फक्त रिअ‍ॅक्टरभोवती. मला विचाराल तर ती मोकळी जागाच मोलाची. गोळ्यांचा जोर बाहेरच्या थरावर खर्च होतो, आणि वेल्डर घेऊन आत शिरायला वाट राहते.

शत्रूच्या तोफांना मात्र आधी वीजच शोधा, असं सांगून ठेवता येतं. त्यावर उतारा डिकॉय. हा ब्लॉक आपोआप चालणाऱ्या तोफांना स्वतःकडे ओढतो. कपाशीच्या कडेनं झेंडू लावतात, म्हणजे अळीचा पतंग अंडी घालायला आधी तिकडे जातो. ज्यानं सापळा पीक घेतलंय, त्याला डिकॉय वेगळा शिकवावा लागत नाही. धाकट्यानं चार लांब दांड्या काढून त्यांच्या टोकांना चार डिकॉय लावले, रिअ‍ॅक्टरपासून जमेल तितक्या दूर.

(दृश्य : पडद्यावर लढाई. दोन डिकॉय उडतात. मग शेपूट तुटतं.)

यानाचे दिवे क्षणभरही मिणमिणत नाहीत. पुढच्या तोफा सुरूच आहेत. धाकटा वेल्डर उचलतो.

"दादा, थांब ना जरा. मागचं जोडू दे."