सुटकेची संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत तुरुंगाचा विषय निघाला की बोलणं हमखास २४ जुलै १९४३ वर येतं. गणेशदुर्गातल्या तुरुंगाच्या तटावरून वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी मारलेली उडी, मागून झालेला गोळीबार. जुन्या माणसांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की तो तट आपल्याला पाठ झालाय. मला आज बोलायचंय ते तट न चढता, फाटकातून रीतसर सही करून बाहेर पडणाऱ्या माणसांबद्दल. त्यांतही ज्यांना दारूचं, गांजाचं, गोळ्यांचं नाहीतर पावडरीचं व्यसन आहे, त्यांच्याबद्दल.

मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. कामानिमित्त कारागृहांत जाणं-येणं असतं. कुठली गोष्ट कुठल्या कारागृहातली, हे सांगणार नाही, आणि माणसं ओळखू येतील असंही काही सांगणार नाही.

एका आईचं बोलणं मात्र सांगते. पोरगा मारामारीच्या गुन्ह्यात आत गेलेला. ती मला म्हणाली, "ताई, आत गेला ते एका परीनं बरंच झालं बघा. तिथं कुठनं मिळतीय दारू? आपसूक सुटंल." तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या वेळी सुचलं नाही. कारण दारू अशी आपसूक सुटते तेव्हाच ती सगळ्यात धोक्याची असते.

रोज पिणाऱ्या माणसाला अटक होते. शेवटचा घोट घेऊन सहा-आठ तास होतात आणि हाताला कापरं सुटतं, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात. अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, मेलेला बाप कोपऱ्यात उभा दिसतो, आपण कुठं आहोत ते कळत नाही. बराकीतले बाकीचे म्हणतात, नाटक करतोय. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलंय. खरं तर तो वैद्यकीय आणीबाणीचा प्रसंग असतो आणि उपचार मिळाला नाही तर माणूस जाऊ शकतो. उपचारही काही फार दुर्मीळ नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली डायझेपामसारखं औषध, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, आणि लक्ष ठेवणारं माणूस. त्यासाठी आत घेताना होणाऱ्या तपासणीत एक प्रश्न विचारलाच पाहिजे: शेवटची कधी घेतली? "व्यसन आहे का?" असं विचारून उपयोग नाही, त्याला शंभरातले नव्वद जण "नाही साहेब" म्हणतात. हा नव्वदचा आकडा माझ्या अंदाजाचा, पण कारागृहात काम केलेलं कुणी त्यावर वाद घालणार नाही.

आता आत काही मिळत नाही, हा दुसरा समज. भिंतीवरून पुड्या भरलेले चेंडू येतात, तारखेला कोर्टात गेलेला माणूस काहीबाही लपवून आणतो. झडती घ्यायलाच हवी, तिला माझा विरोध नाही. पण आत मागणी तशीच राहिली, तर झडती कडक झाल्यावर पुडीचा भाव तेवढा वाढतो. भाव वाढला की उधारी वाढते. आणि ही उधारी आतल्या आत राहत नाही. "अमक्या नंबरवर पाच हजार टाका, नाहीतर माझं काही खरं नाही," असा निरोप घरी येतो. त्यापायी शेळ्या विकलेली माणसं मी पाहिली आहेत. पोरगा सुटून येतो तेव्हा ज्याचं देणं आहे तो त्याच्या आधी सुटून बाहेर बसलेला असतो.

हे फक्त पुण्या-मुंबईचं दुखणं, असं आता म्हणता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे ज्याला पोरं एमडी म्हणतात त्याचा, मोठा साठा पकडला. पुढच्या जानेवारीत विट्याजवळ कारव्याच्या औद्योगिक वसाहतीत तर ते बनवण्याचा कारखानाच सापडला. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांना ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध आहे, दिल्लीच्या तिहार तुरुंगात ते दिलं गेलंय. एमडीला असं कुठलंही पर्यायी औषध नाही. तिथं बोलणं, सवयी बदलणं, आणि माणसं, एवढंच हाताशी असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था हा आजारच धरलाय, आणि उपचाराच्या हक्कातून कैद्याला वगळलेलं नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ हे कलम आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अगदी थोड्या प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. मात्र उपचार पुरा करावा लागतो, अर्धवट सोडला तर सूट जाऊ शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन हे कलम नाव घेऊन विचारा. नाव घेतल्याशिवाय विषय निघत नाही, हा माझा अनुभव.

आणि आता ती संध्याकाळ. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला शंभरातले सुमारे शहात्तर जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू असलेले. शिक्षा भोगणाऱ्याला सुटकेची तारीख माहीत असते. कच्च्या कैद्याला नसते. दुपारी जामिनाचा हुकूम होतो, कागद पोचेपर्यंत दिवस कलतो, आणि दिवेलागणीला माणूस रस्त्यावर येतो. हातात पिशवी, आत गेला तेव्हाचे कपडे, बंद पडलेला मोबाईल. घरच्यांना कळलेलंही नसतं. न्यायला येतो तो बहुतेक वेळा मित्र, ज्यानं जामीनदार मिळवून दिलेला असतो. त्याचे उपकार असतात, आणि पहिली बाटलीही तोच फोडतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं हो. आनंदच साजरा करायचा असतो त्याला.

पण शरीर बदललेलं असतं. सहा महिने काही न घेतलेल्या माणसाची पचवण्याची ताकद गेलेली असते, आठवण मात्र जुन्या मापाची असते. ब्राउन शुगर घेणारा पूर्वीएवढीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. वर झोपेच्या गोळ्या आणि दारू असेल तर विचारूच नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या बारापटीहून जास्त होता, आणि सगळ्यात मोठं कारण नशेची अतिमात्रा. स्कॉटलंडनं २०११ पासून अफूजन्य पदार्थांवरचा उतारा, नॅलोक्सोन, सुटणाऱ्या कैद्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं निदान सुटणाऱ्याला कुणीतरी सांगावं, की बाबा रे, तुझं जुनं माप आता तुला चालणार नाही. हे सांगायला एक पैसा लागत नाही.

लांबचं कशाला, आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं १९३९ साली ही खुली वसाहत उभी केली. भिंत नाही, कैद्यानं बायका-पोरांसह राहायचं आणि शेती करायची. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारची वेळ होती आणि एक बाई अंगणात धुणं वाळत घालत होती. शिक्षा चालू असलेल्या माणसाचं घर ते. सुटल्यावर ज्या दोन गोष्टी माणसाला तोलून धरतात, काम आणि वाट बघणारं कुणीतरी, त्या त्याला शिक्षेतच मिळाल्या होत्या. प्रत्येकाला स्वतंत्रपूर मिळणार नाही, हे मला कळतं. पण हळदीच्या वखारीत, द्राक्षबागेत, गुऱ्हाळावर माणूस ठेवताना "आत जाऊन आलाय" एवढ्यावरच परत पाठवू नका. चार दिवस कामावर बघा, मग ठरवा. आणि पहिला पगार एकदम हातात देण्याऐवजी आठवड्या-आठवड्यानं दिलेला बरा. हे मला एका बागायतदारानं शिकवलं.

तुमच्या घरचं कुणी आत असेल तर उद्यापासून एवढं करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ मानसिक आरोग्याची. तो सुटायच्या आधीच तुम्ही फोन करा, तुमच्यासाठी म्हणून करा. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात कुठल्या वारी जायचं, ते विचारून ठेवा. वकिलाला सांगून ठेवा की जामीन झाला की पहिला फोन मित्राला नाही, घरी. आणायला कोण जाणार तेही आजच ठरवा.

आणि येताना वाटेत चहाला थांबायचंच असेल, तर बायपासवर थांबू नका. तिथं चहाच्या टपरीला लागून दुसरं दुकान असतं. सरळ घरी आणा आणि घरीच चहा टाका.