चारशे ग्रॅम शेंगदाणे

(दृश्य: गोदाघाट. बुधवारचा आठवडे बाजार. मुलांचा घोळका कांद्याच्या ढिगाभोवती.)

निवेदन:
बुधवारी गोदाघाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्यात आज चौथीचा अख्खा वर्ग. बाईंची अट एकच: आधी वस्तू हातात धरायची, अंदाज सांगायचा, मगच काट्याकडे बघायचं.

"हा कांदा केवढा?"
"पाव किलो!"

काट्यावर आकडा उमटतो, ८५ ग्रॅम. मग पाव किलोत किती कांदे बसतील? तीन ठेवून बघितले, २५५ झाले. दुकानदार मावशी म्हणतात, "राहू दे रे, वरचे पाच तुला."

इलेक्ट्रॉनिक काटा वाईट नाही. पण तो उत्तर आयतं देतो आणि पोरं ते वहीत उतरवून मोकळी होतात. म्हणून वर्गात अजून तागडी आहे.

(दृश्य: वर्ग. टेबलावर तागडी, लोखंडी वजनं.)

आधी रिकामी पारडी सारखी आहेत का, ते पाहायचं. एक बाजू वर राहिली तर तिला चिंधी बांधून पासंग काढायचा. मग डब्याचा धडा करायचा. म्हणजे एका पारड्यात रिकामा डबा आणि समोर तेवढ्याच वजनाची वाळू. आता डब्यात जे पडेल, तेवढंच मोजलं जाणार.

वजनं चारच: ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅम. एक पालथं केलं की खाली शिसं दिसतं आणि त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. दुकानदाराला हा शिक्का ठरावीक मुदतीने नव्याने मारून घ्यावा लागतो.

"चारशे ग्रॅम शेंगदाणे द्या," बाई म्हणतात.

दोनशे, शंभर, पन्नास. साडेतीनशेवर गाडी अडली. पाचशेचं ठेवलं तर जास्त होतं. बराच वेळ कुजबुज. मग एक मुलगी शंभराचं वजन उचलते आणि सरळ शेंगदाण्यांच्या पारड्यात ठेवते. समोर पाचशे. आता दाणे पडू लागतात. इथे टाळ्या बाईंनी आधी वाजवल्या.

खरी गोची वहीत होते. १ किलो ५० ग्रॅम हे निम्मी मुलं १.५ किलो लिहितात. एका शून्यापायी साडेचारशे ग्रॅमचा घोळ! बाई फळ्यावर ग्रॅमसाठी तीन घरं आखतात आणि एकही रिकामं ठेवू देत नाहीत: १.०५०. मुलांच्या पणजोबांच्या वेळी सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण होता. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली. आता पाठ करायचा तो फक्त हजार.

(दृश्य: लासलगाव. भुईकाट्यावर कांद्याचा ट्रॅक्टर.)

लासलगावात भाव बोलतात तो क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. ट्रॅक्टर भरलेला असताना काट्यावर ५,४२० किलो. कांदा उतरवून परत आला तेव्हा २,९८०. मुलं वजाबाकी करतात: २,४४० किलो, म्हणजे २४ क्विंटल ४० किलो. वर्गातला डबा आणि वाळू सगळ्यांना आठवते.

मागून एकाचा आवाज येतो, "काका, दोन्ही वेळेला ड्रायव्हर वरच बसला होता ना?"