रिकवुड फील्ड : एक मैदान, दोन संघ

श्रोतेहो, अमेरिकेतील मायनर लीग, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पातळीवरील, बेसबॉलची जुनी मैदाने बहुतेक लाकडी होती आणि त्यांतली कित्येक आगीत जळाली. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचे रिकवुड फील्ड अजून उभे आहे आणि तिथे कोण खेळत असे, कोण कुठे बसत असे, एवढ्याच प्रश्नाच्या मागे मी आज जाणार आहे.

बर्मिंगहॅम हे लोखंडाचे शहर. खनिज, कोळसा आणि चुनखडी जवळजवळ सापडत असल्यामुळे तिथे भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि अशाच एका लोहउद्योजक घराण्यातील रिक वुडवर्ड यांनी स्थानिक ‘बॅरन्स’ संघ विकत घेऊन त्याच्यासाठी काँक्रीट आणि पोलादाचे मैदान बांधले. 18 ऑगस्ट 1910 रोजी ते खुले झाले. मैदानाच्या नावात मालकाचेच नाव दडले आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच.

गोऱ्या खेळाडूंचा बॅरन्स संघ दौऱ्यावर गेला की त्याच मैदानावर कृष्णवर्णीयांचा ‘ब्लॅक बॅरन्स’ खेळत असे. गोऱ्या संघाच्या सामन्याला कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या दूरच्या बाकांवर बसावे लागे. ब्लॅक बॅरन्सच्या सामन्याला मुख्य स्टँड त्यांच्यासाठी मोकळा होई आणि गोऱ्यांसाठी वेगळी जागा राखली जाई. सॅचेल पेज यांच्यासारखा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, 1920 च्या दशकात इथे घडला, तर 1948 मध्ये जवळच्याच कामगार वस्तीतला सतरा वर्षांचा विली मेज, जो पुढे मेजर लीगचा महान खेळाडू ठरला, शाळा सांभाळून याच हिरवळीवर धावत होता. त्या काळाची आणखी एक नोंद अशी, की 1930 च्या दशकात बॅरन्सच्या सामन्यांचे रेडिओवर वर्णन करणारा बुल कॉनर हाच पुढे शहराचा सुरक्षा आयुक्त झाला आणि 1963 मध्ये त्याने नागरी हक्कांसाठी निघालेल्या मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडायला लावले.

शहराच्या कायद्याने तर 1950 मध्ये गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकत्र बेसबॉल खेळण्यालाच बंदी घातली. 1954 च्या आरंभी ती उठली आणि त्याच वर्षी मतदारांनी ती परत आणली. एकत्र न खेळण्याच्या या हट्टाची किंमत खेळालाच मोजावी लागली, असे माझे मत आहे. बॅरन्सची सदर्न असोसिएशन ही लीग 1961 नंतर बंद पडली, आणि 1962 व 1963 असे दोन हंगाम बॅरन्स संघच नव्हता. 1964 मध्ये तो परतला तेव्हा मात्र त्यात दोन्ही वर्णांचे खेळाडू होते.

1987 च्या हंगामानंतर बॅरन्स उपनगरातल्या नव्या मैदानावर गेले. रिकामे पडलेले रिकवुड पाडून तिथे काही नवे उभारण्याची निकड कुणालाच वाटली नाही, हे त्याचे सुदैव. पुढे 1992 मध्ये नागरिकांनी संस्था स्थापून त्याची डागडुजी हाती घेतली.

20 जून 2024 रोजी इथे मेजर लीगचा सामना झाला. विली मेज यांचे निधन दोनच दिवस आधी झाले होते. त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर मेजर लीगचे माजी कृष्णवर्णीय खेळाडू रेजी जॅक्सन बोलले. 1967 मध्ये ते याच मैदानावर बर्मिंगहॅमच्या तेव्हाच्या ‘एज्’ (A's) संघाकडून खेळले होते. सोहळ्याच्या त्या कार्यक्रमात त्यांनी आठवणी सांगितल्या त्या आपल्याला दार बंद करणाऱ्या उपाहारगृहांच्या आणि हॉटेलांच्या, आणि ज्यांच्या घरी सोफ्यावर झोपून रात्री काढल्या त्या गोऱ्या सहकाऱ्याच्या.