गंजलेलं बिडाचं भांडं पुन्हा कसं तयार करायचं?

नमस्कार.

(तवा कॅमेऱ्यासमोर धरून)

हा तवा नीट बघून घ्या. मधोमध तांबूस गंज, कडेला काळ्या खपल्या, मुठीपाशी चिकट थर. असं भांडं दिसलं की लोक ते सरळ भंगारात काढतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण जे बिघडलंय ते वरवरचं आहे. खालचं बीड शाबूत आहे, आणि हा तवा अजून कित्येक वर्षं चालणार आहे.

कामाला लागण्याआधी भांडं तपासायचं, कारण काही भांडी मात्र खरंच वाचवता येत नाहीत.

मुठीला धरून भांडं अधांतरी ठेवा आणि लाकडी चमच्यानं हलकंच वाजवा. धड भांडं घंटेसारखं वाजतं. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यामुळे ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. तडा तापल्यावर वाढतच जातो, तिथे सीझनिंगचा, म्हणजे तेल तापवून त्याचा थर बसवण्याचा, काही उपयोग नाही. मग भांडं सपाट ओट्यावर ठेवून बघा. थोडं डुगडुगत असेल तर गॅसच्या बर्नरवर चालून जातं, सपाट काचेच्या शेगडीवर त्रास देतं. बारीक खड्डे असतील तर काळजी करू नका, ते दिसायला वाईट असतात एवढंच.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. जुन्या भांड्यांमध्ये कधीकधी शिसं वितळवलेलं असतं, जाळ्यांची वजनं वगैरे ओतण्यासाठी. भांडं कुणाकडून आलं हे माहीत नसेल आणि आत राखाडी, मऊ धातूचे डाग दिसले, तर त्यात स्वयंपाक करू नका. आणि भांड्यावर रंगीत, काचेसारखा मुलामा असेल तर ते एनॅमलचं भांडं आहे. आजची कृती त्याच्यासाठी नाही.

आता मुद्द्याचं. या तव्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी बसल्यात. एक, जळून घट्ट झालेलं जुनं तेल. दुसरी, गंज. दोघांचा उपाय वेगळा आहे, आणि बहुतेकांची मेहनत वाया जाते ती इथेच. तेलाच्या थरावर व्हिनेगर ओतून काही होत नाही, आणि कॉस्टिक सोडा गंजाला हातही लावत नाही. म्हणून आधी तेल काढायचं, मग गंज. आधी गंजाच्या मागे लागलात तर तेलाच्या थराखाली दडलेला गंज तसाच राहतो.

गंज अगदी हलका असेल आणि जुना काळा थर घट्ट असेल, तर यातलं काहीच करू नका. तारेच्या घासणीनं गंज घासा, धुवा, वाळवा आणि सरळ तेल लावायच्या टप्प्यावर या. चांगला बसलेला जुना थर उगाच काढणं मला पटत नाही.

थर खपल्या-खपल्यांनी सुटत असेल तर मात्र पूर्ण काढा. त्यासाठी कॉस्टिक सोडा. प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर गार पाण्याला साधारण अर्धा किलो. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा. उलटं कधीच नाही, सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, हे द्रावण कातडी जाळतं. चुकून अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं बराच वेळ धूत राहा. लहान मुलं आणि जनावरं फिरतात तिथे ही बादली ठेवायची नाही. आणि अॅल्युमिनियमचं काहीही यात बुडवू नका. अॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

हा सोडा जळक्या तेलाचा अक्षरशः साबण करतो. बिडाला काही करत नाही, म्हणून भांडं दोन-चार दिवस बुडून राहिलं तरी चालतं. मधून मधून बाहेर काढून घासायचं. खालून करडा रंग दिसायला लागला की ते उघडं लोखंड.

भांडं निखाऱ्यात किंवा जाळात टाकून थर जाळायचा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. कृपया करू नका. थर जळतो हे खरं, पण तापमान हातात राहत नाही. भांडं वाकतं, तडकतं, किंवा पृष्ठभाग लालसर होऊन बसतो आणि पुढे त्यावर तेल नीट धरत नाही. ते नुकसान भरून येत नाही. ग्राइंडरही नको. त्यानं गंजाबरोबर चांगलं लोखंडही निघून जातं आणि चाकाचे ओरखडे कायमचे राहतात.

आता गंज. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी, निम्मं निम्मं. भांडं पूर्ण बुडेल एवढं. अर्ध्या तासानं काढून घासा. उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवून झोपू नका, कारण व्हिनेगर आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं.

फारच खोल गंज असेल तर विजेचा मार्ग आहे, इलेक्ट्रोलिसिस. बादलीत पाणी, त्यात चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ नाही, मिठानं विषारी क्लोरीन सुटतो. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार भांड्याला, धन तार एखाद्या साध्या लोखंडी तुकड्याला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न टेकता. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातल्या क्रोमियमची घातक संयुगं पाण्यात उतरतात. हे काम उघड्यावर करायचं, कारण इथेही हायड्रोजन सुटतो. आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. या पद्धतीत चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, म्हणून खूप गंजलेल्या भांड्यांसाठी मला ती सगळ्यात आवडते.

गंज निघाला की भांडी धुण्याच्या साबणानं धुवा, फडक्यानं पुसा आणि लगेच मंद आचेवर ठेवा. लगेच म्हणजे लगेच. उघडं लोखंड ओलं राहिलं की बघता बघता नारिंगी छटा चढते. आच मंदच हवी. बीड उष्णता सावकाश पसरवतं, अॅल्युमिनियमच्या साधारण पाव वेगानं. एकदम मोठ्या आचेवर ठेवलं की मधला भाग फुगायला बघतो आणि कड गारच असते. त्या ओढाताणीत भांडं तडकतं.

आता सीझनिंग. तेल लोखंडात मुरतं असं म्हणतात, पण तसं होत नाही. काही तेलांमधली स्निग्धाम्लं उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की एकमेकांना जोडली जातात आणि त्यांचा टणक पापुद्रा होतो, पॉलिमर. तैलचित्रातलं जवसाचं तेल वाळून घट्ट होतं तेही याच कारणानं. म्हणून असंपृक्त स्निग्धाम्लं जास्त असलेलं तेल घ्या. सोयाबीन, करडई, साधं सूर्यफूल. तूप आणि खोबरेल बहुतांशी संपृक्त, त्यांचा थर नीट जमत नाही. जवसाच्या तेलाचं खूप कौतुक होतं. त्याचा थर कडक आणि देखणा येतो, पण ठिसूळ असतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. मी ते सुचवणार नाही.

(फडकं हातात घेऊन)

भांडं हाताला चांगलं गरम लागेल एवढं तापवा. थोडं तेल घ्या आणि सगळीकडे चोळा, आत, बाहेर, मुठीला, बुडाला. मग दुसरं कोरडं, धागे न सुटणारं फडकं घ्या आणि ते तेल पुसून टाका. चुकून लागलं होतं अशा निश्चयानं पुसा. तुम्हाला वाटेल काहीच उरलं नाही. तेवढंच हवं असतं. मग ओव्हनमध्ये पालथं घाला, २३० ते २५० अंश सेल्सियस, एक तास, आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा.

ओव्हन नसेल तर शेगडीवरही होतं. मंद आचेवर, भांडं फिरवत फिरवत, धूर येऊन ओसरेपर्यंत. कडेला आणि मुठीला थर पातळच बसतो, तिथे अधूनमधून तेलाचा हात फिरवत राहा.

तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारं तेल स्वतःच तापतं आणि फडकं पेट घेऊ शकतं, जवसाच्या तेलाचं तर हमखास धोक्याचं. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

थर चिकट लागतोय? तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. तेल न लावता पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवा, बहुतेकदा सुटतं. रंग काळा न येता तपकिरी आला तर बिघडलेलं काही नाही, वापरात काळा होतो.

साबणाची भीती मनातून काढून टाका. ती पूर्वीच्या तीव्र क्षाराच्या साबणापासूनची आहे. आजचा भांडी घासण्याचा साबण सुटं तेल काढतो, घट्ट झालेला थर नाही. भांडं पाण्यात भिजत ठेवणं आणि तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतणं, या दोन गोष्टी टाळा. सुरुवातीचे काही दिवस त्यात आंबट काही शिजवू नका, आम्लानं कोवळा थर उतरतो. परतण्या-तळण्याची कामं द्या.

आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर तेलाचा पुसट हात फिरवा, आत कागद घाला आणि झाकण लावू नका. बंद भांड्यात ओल अडकली की गंज परत चढतो.