शंभर किलो समोर आले की पोटात गोळा का येतो?

नमस्कार मंडळी. आज जिममध्ये वजनाच्या बारच्या शेजारी उभा राहूनच बोलतोय, कारण याच्यासमोर उभं राहिल्यावर मनाचं जे होतं, त्याबद्दलच बोलायचंय.

97.5 किलोच्या स्क्वॉटचे, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन मारायच्या बैठकांचे, मी सलग तीन-तीन रेप्स (आवर्तनं) मारायचो. शंभर लावले की एकही निघायचा नाही. फरक किती? दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची एकेक प्लेट. पण आकडा तीन अंकी झाला की खाली जातानाच मी हाय खाल्लेली असायची. चार महिने असेच गेले.

याला नुसते मनाचे खेळ म्हणून झटकू नका. स्नायूला आदेश मेंदूकडून मिळतो. स्नायूतले तंतू गटागटानं कामाला लागतात, छोटे गट आधी आणि सगळ्यात ताकदवान गट शेवटी. त्या शेवटच्या गटांना उठवायला आदेशही तसाच जोरकस लागतो. 1961 साली इकाई आणि स्टाइनहाउस या दोन संशोधकांनी लोकांना कोपरातून हात वाकवत पूर्ण ताकदीनं ओढायला लावलं. ओढताना स्वतःच ओरडलं की जोर सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास वाढला. एका ओरडण्यानं दंड काही मोठे होत नाहीत. ताकद आधीपासून आतच होती.

मग काय, ओरडत सुटायचं? एखाद्या दिवशी त्यानं काम होईलही. पण माझं मत विचाराल तर मुळात भीती वजनाची नसतेच. मध्येच अडकलो तर बाहेर कसा पडणार, हे शरीराला माहीत नसतं, त्याची ती भीती असते. म्हणून मी नवख्याला आधी फसायला, म्हणजे वजन उठलं नाही तर सुखरूप बाहेर पडायला शिकवतो.

हे बघा, या रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीच्या, सेफ्टी पिना; बार अडकला तर झेलणाऱ्या आडव्या दांड्या. तुम्ही स्क्वॉटमध्ये जिथवर खाली जाता, त्याच्या जरासं खाली यांची उंची ठेवा. आता हलकं वजन घ्या, अगदी 40 किलो. खाली जा आणि मुद्दाम वर येऊ नका. आणखी थोडं खाली बसा, बार पिनांवर टेकू द्या आणि वाकून खालून बाहेर या. पाच-सहा वेळा करा. पुढच्या आठवड्यात 60 वर, मग 80 वर. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलताना, पिना अशा ठेवा की छाती फुगवलेली असताना बार छातीला लागेल, पण पाठ सपाट केली की पिनांवर टेकेल, आणि मान नेहमी सुरक्षित राहील. पिना नसतील तर स्पॉटरशिवाय, म्हणजे बार सावरायला उभ्या असलेल्या साथीदाराशिवाय, जड बेंच मारूच नका. यात मी कुणालाही सूट देत नाही.

दुसरं, जड वजनाची ओळख करून घ्या. शंभरचा प्रयत्न करायचा असेल तर त्याआधी कधीतरी 110 लावा, पोट घट्ट करून बार रॅकमधून उचला, जागच्या जागी दहा सेकंद धरा आणि परत ठेवा. स्क्वॉट करायचा नाही. खांद्यांना तो भार ओळखीचा झाला की शंभर तेवढे परके वाटत नाहीत.

आणि बारसमोर फार वेळ घुटमळू नका. स्पर्धेत बार तयार झाल्यावर खेळाडूला सुरुवात करायला साधारण एकच मिनिट मिळतं. तेवढ्यात त्याची ठरलेली क्रिया होते: पकड, श्वास, मोजकी पावलं मागे. तुमचीही अशीच ठरवा, आणि रिकाम्या बारवरही तीच करा.

अर्ध्या किलोच्या प्लेट्स मिळाल्या तर जरूर वापरा. सोव्हिएत वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेव्ह यांनी 1970 ते 1977 या काळात 80 जागतिक विक्रम केले. त्यातले बरेचसे थोड्या-थोड्या वजनानंच पुढे सरकवलेले होते.

एक मात्र वेगळं ठेवा. सांध्यात कळ येत असेल, किंवा प्रत्येक जड रेपला पाठ गोल होत असेल, तर तो मनाचा अडथळा नाही. तिथे थांबायचं.

माझे शंभर पिनांवर फसायची सवय केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात 102.5 लावले आणि फसलो. बार पिनांवर टेकला, मी खालून बाहेर आलो, प्लेट्स काढल्या आणि 90 चे सेट मारायला घेतले.