मशीनचा आवाज आणि मशीनवाल्याचे कान

नमस्कार मंडळी. पाऊस जरा उघडला की आपल्या नागपुरात गवताला असा जोर येतो की विचारू नका, रिकाम्या प्लॉटमध्ये गाजरगवत कमरेएवढं, गार्डनमधलं लॉन घोट्याच्या वर, आणि मग लेआउटमध्ये येते ती खांद्याला पट्ट्यानं लटकवलेली पेट्रोलची मशीन. कोणी ग्रास कटर म्हणतं, कोणी ब्रश कटर, घरात तर आपण नुसतं "मशीनवाले आले" एवढंच म्हणतो, आणि खिडक्या लावून घेतो. आज तिच्या आवाजाबद्दल बोलायचंय.

आधी एक आकडा सांगतो, ५५. राहत्या वस्तीत दिवसा आवाजाची हद्द ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवस कधी, तर सकाळी सहा ते रात्री दहा. केंद्र सरकारचे हे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण आपल्याला ते फक्त डीजे वाजायला लागला की आठवतात. मशीनवाले म्हणतात सहा वाजून गेले ना साहेब, आता चालते. तसं नाही. सहा वाजले म्हणजे ४५ चे ५५ होतात, बस, मोकळं रान मिळत नाही. दिवसा ५५, रात्री ४५, लिहून ठेवा. आणि शाळा, दवाखाना, कोर्टाच्या आजूबाजूला जे शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं असतं, तिथं तर दिवसाही ५० च.

आता ही मशीन एवढी का ओरडते? बहुतेक मशीनला टू-स्ट्रोक इंजिन असतं, जुन्या स्कूटरसारखं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला एकदा पेटतं. मिनिटाला सहा हजार फेरे धरले तरी सेकंदाला शंभर धडाके झाले, आणि मशीन खांद्यावर घ्यायची म्हणून हलकी हवी, म्हणून सायलेन्सर एवढासा, मुठीएवढा. त्यात खालची नायलॉनची दोरी हवेत भिरभिरते तिचा वेगळाच चिरका सूर. तो चिरका सूर खिडकी लावली की कमी होतो, पण इंजिनची घरघर भिंतीतून आत येते, म्हणून दार-खिडक्या बंद करूनही डोक्यात काहीतरी चालू असल्यासारखं वाटतं. आणि डेसिबल हे किलोसारखं नसतं हो, १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ वरून ७५ म्हणजे शंभरपट. पन्नास फुटांवरच्या घरात हा आवाज ७०-७५ पर्यंत सहज जातो.

इथं जाता जाता सांगतो, आपण सगळं शहर सिमेंटचं करून टाकलंय ना, रस्ता सिमेंटचा, अंगण पेव्हर ब्लॉकचं, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट, त्यानंही आवाज वाढतो. मऊ माती, झुडपं थोडा आवाज पिऊन टाकतात, सिमेंट तो परत आपल्याच अंगावर फेकतं. मला तर त्या सिमेंट रोडचा उन्हाळ्यातही राग येतो, रात्री अकराला चप्पल काढून बघा त्यावर, असो.

आता मी तुम्हाला आमच्या सिस्टर काकूंची गोष्ट सांगतो, कारण या विषयात मला जे काही कळलंय ते त्यांच्यामुळे. सिस्टर काकू आमच्या लाइनीत कोपऱ्यावर राहतात, आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, त्यातही नाइट ड्युटी जास्त. सकाळी साडेआठला घरी यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि झोपायचं, आणि नेमकं तेव्हाच समोरच्या गार्डनमध्ये मशीन सुरू व्हायची. ऑक्टोबर होता, तरी त्या कूलर लावून झोपायच्या, गरम होते म्हणून नाही, तर कूलरच्या आवाजात मशीनचा आवाज दबावा म्हणून. तोही उपाय चालेना. एक दिवस त्या उठल्या, गाऊनवर ओढणी घेतली आणि थेट गार्डनमध्ये. सिस्टर काकूंचा आवाज वॉर्डातला आहे, त्यांनी हाक मारली की या टोकाचा माणूस त्या टोकाला उभा राहतो, त्यामुळे आता चांगलंच वाजणार म्हणून आम्ही दोन-चार जण फाटकाशी येऊन उभे.

मशीनवाला पोरगा विशीच्या आतबाहेरचा, काटोलकडचा. डोळ्याला चष्मा, पायात गमबूट, कानावर दुपट्टा गुंडाळलेला. काकू मागून ओरडल्या, "ए दादा, बंद कर ते!" त्याला पत्ताच नाही. मागून हात लावायची सोय नाही, दोरी फिरून राहिली, गोटे उडून राहिले. शेवटी त्या लांबून वळसा घालून समोर गेल्या आणि ओढणी हलवली, तेव्हा त्यानं मशीन बंद केली. आणि काकूंनी तोंड उघडलं, "अरे, किती वेळ चालवशील?" तर तो म्हणतो, "हो काकू, तिथवरच कापायचं आहे." काकूंनी परत विचारलं, तर परत काहीतरी भलतंच. मशीन बंद होती बरं का. गार्डन अगदी शांत. आम्हाला फाटकापाशी शब्द न शब्द ऐकू येत होता, आणि त्याला दोन हातांवरून येत नव्हता.

काकूंचा राग तिथंच थांबला. त्यांनी त्याला दुपट्टा काढायला लावला, पाठमोरा उभा केला, आणि त्याच्या कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासली. "ऐकू आलं?" काहीच नाही. दुसऱ्या कानाशी घासली. तिकडं थोडं. मग त्याला बाकावर बसवला, वरून चहा आणि पोहे मागवले आणि सगळं विचारून घेतलं. दोन पावसाळे झाले होते त्याला मशीन धरून, दिवसाला सहा-सात तास. म्हणे, "काकू, रात्री झोपलं की कानात रातकिडे वाजतात. आणि मले तर वाटते आजकाल सगळे लोक हळू बोलून राहिले."

हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलंय. लोक हळू बोलून राहिले, असं त्याला खरंच वाटत होतं.

काकूंनी सुट्टीच्या दिवशी त्याला स्वतः सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत नेलं, कान-नाक-घसा विभागात. तिथं कानाची तपासणी करून एक आलेख देतात, काकूंनी तो आम्हाला दाखवला. रेघ बरी चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या, चिरक्या सुरापाशी, एकदम खड्ड्यात गेलेली. आवाजानं कान गेला की खड्डा बहुतेक तिथंच पडतो. स, श, च, फ असली अक्षरं वरच्या पट्टीतली, ती आधी जातात, म्हणून माणसाला बोलणं सुरू आहे एवढं कळतं पण काय बोलले ते कळत नाही. आणि कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. गोळी नाही, ड्रॉप नाही, परत येत नाहीत म्हणजे नाहीत.

त्याच आठवड्यात लाइनीची मीटिंग झाली, आणि सगळ्यांचं एकच, या मशीनवाल्या पोट्ट्यांना हाकला. काकू उठल्या, आलेख टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोराले हाकलू नका, मशीन बदलवा. तुम्हाला एक तास त्रास होते, त्याच्या कानाशी दिवसभर चालते." मग अर्ज गेला तो वेगळाच गेला. कंत्राटदारानं आधी टाळाटाळ केली, पण चाळीसेक घरांच्या सह्या होत्या आणि काकू सोडणाऱ्यातल्या नाहीत. वेळ ठरली सकाळी दहा ते एक, रविवारी बंद, पोरांना आवाज अडवायला कान झाकणारे मफ मिळाले, आणि गार्डनपुरती एक बॅटरीची मशीन आली. प्लॉटच्या जाड गवताला अजून पेट्रोलचीच लागते. तो पोरगा आता मशीन धरत नाही, नर्सरीत रोपांचं काम बघतो. काकू अजून त्याच्याशी समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोलतात, आणि आम्हालाही तसंच बोलायला लावतात.

आता हिशेब ऐका, सोपा आहे. अमेरिकेत नायोश म्हणून कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिचा हिशेब असा, ८५ डेसिबलमध्ये कान उघडे ठेवून आठ तास, त्याच्या वर नाही. दर तीन डेसिबलला वेळ अर्धी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. चालवणाऱ्याच्या कानाशी ही मशीन ९५ ते १०० च्या आसपास जाते. म्हणजे पंधरा मिनिटं ते पाऊण तास, आणि पोरं चालवतात सहा तास. दुपट्ट्यानं काही होत नाही, कापसाच्या बोळ्यानंही नाही. मफ मात्र नीट बसले तर वीसेक डेसिबल कमी करतात, आणि लोहाओळीत किंवा सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात. माळीबुवांना दिवाळीला मिठाईचा डबा देताच ना, सोबत हेही द्या.

तिकडं कॅलिफोर्नियानं २०२१ साली कायदा केला आणि २०२४ पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनच्या नव्या मशीनची विक्री बंद करायला घेतली. वॉशिंग्टन शहरात पानं उडवायच्या पेट्रोलच्या ब्लोअरला २०२२ पासून बंदी आहे. आपल्याकडं कायद्याची वाट बघायची गरज नाही, लाइनीनं ठरवलं तरी पुष्कळ होतं. आणि माझं विचाराल तर एवढं लॉन लावायचंच कशाला? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत टँकरचं पाणी घालून हिरवं ठेवायचं आणि पावसाळ्यात मशीननं कापायचं. त्या जागी एक कडुलिंब लावा, सावली तरी मिळेल. पूर्वी गवळी यायचे, विळ्यानं गवत कापून भारा बांधून म्हशींना न्यायचे, ना आवाज ना खर्च, आता प्लॉटमध्ये इतक्या काचा नि प्लास्टिक असते की कोणी जनावराला घालणार नाही ते गवत.

तर मंडळी, मशीनवाल्याला बोलवाल तेव्हा वेळ दहानंतरची द्या. कानावर मफ आहे का बघा, नसेल तर काम सुरू करू देऊ नका, द्या आणि मग सुरू करा. आवाज हद्दीपेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त असेल तर तक्रार करायचा हक्क त्या नियमातच दिलेला आहे, ११२ ला फोन करता येतो, पण तक्रार काम लावणाऱ्याची करा, मशीन धरणाऱ्या पोराची करू नका. आणि आदल्या दिवशी प्लॉटमधल्या बाटल्या, गोटे, तारा वेचून घ्या, दोरीला लागला की गोटा गोफणीसारखा सुटतो, शेजाऱ्याच्या गाडीची काच जाते नाहीतर कोणाचा डोळा. मुलांना आणि कुत्र्याला तेवढा वेळ आत ठेवा. पुढच्या वेळी कूलरच्या टाकीतल्या डासांबद्दल बोलू, नमस्कार.