सहा भोकं आणि चार तारा

(दृश्य: फाइफवरची बोटं, अगदी जवळून)

हातभरही लांबी नाही. लाकडाची नळी, बोटांसाठी सहा भोकं, फुंकेसाठी एक. ही फाइफ. खालच्या सप्तकात ती नुसती फुसफुसते, म्हणून वादक ओठ आवळून वर चढतो. आता ऐका.

(फक्त फाइफ आणि पडघम, दहा सेकंद)

बंदुकांच्या धडाक्यातही ऐकू जाईल असा हा आवाज. स्विस भाडोत्री पायदळाने तो युरोपभर नेला, आणि ब्रिटिश पलटणींबरोबर तो अमेरिकेत आला. उठा, जमा, कूच करा, झोपा... छावणीचा अख्खा दिवस याच्यावर चाले. ४ जून १७७७ च्या हुकमात अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने तर सुनावलंच की सैन्याचं संगीत एकंदरीत फारच वाईट आहे. पडघम आणि फाइफच्या मेजरांनी सुधारणा केली नाही तर जादा पगार बंद!

पण वाजवायचे काय? 'लष्करी' म्हणवणाऱ्या कितीतरी चाली मुळात नाचाच्या नाहीतर दारूच्या बैठकीतल्या. 'सोल्जर्स जॉय' अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधली नाचाची चाल, 'गॅरीओवेन' आयर्लंडच्या लिमरिकमधली. सैन्याने त्यांना फक्त पाऊल दिलं.

(दृश्य: फिडल, डावा हात)

फाइफवर डी आणि जी या पट्ट्या बोटांना सहज सापडतात, आणि फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, मोकळ्या तारांनाही त्याच मानवतात. त्यामुळे शिपाई घरी परतला की चाल फिडलवर जाऊन बसे. पुढे बिगुल आला, फाइफ लष्करातून गेली.

(दृश्य: न्यू नदी, सकाळ)

व्हर्जिनियातलं ग्लेन लिन. १९६६ मध्ये ॲलन जबूर नावाचा विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन हेन्री रीड या फिडलवादकाकडे आला. रीड तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी ते क्विन्स डिलियन या म्हाताऱ्याकडून शिकले होते, आणि डिलियन अमेरिकेच्या मेक्सिकोशी झालेल्या युद्धात आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात फाइफ वाजवायचा. रीड शिकले ते पुस्तकातून नाही, कानाने. मध्ये फक्त एक माणूस, आणि आपण थेट १८४० च्या दशकात! रीड यांची १८४ ध्वनिमुद्रणं आज वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहेत. त्यातल्या एका चालीचं नावच 'सांता ॲनाज रिट्रीट', म्हणजे मेक्सिकोच्या सेनापतीची माघार. त्या चाली पुढे तरुण वादकांनी उचलल्या आणि देशभर पसरल्या.

दुसरीचं नाव 'क्विन्स डिलियन्स हाय डी ट्यून', म्हणजे डिलियनची उंच 'डी' स्वराची चाल. टेपवर फक्त आवाज आहे, हात दिसत नाहीत. म्हणून तीच चाल आम्ही एका वादकाला वाजवायला बसवलं. डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. सहसा तो दांडीच्या टोकाशी, एका जागी असतो. इथे मात्र तो वर सरकतो, करंगळी ताणली जाते, फाइफच्या उंचीचा तो 'डी' गाठायला.

(चाल पूर्ण वाजू द्या. निवेदन नाही.)